चौकटीतलं तण

"तूच उपटलंस! असा तोंड वर करून बघतोस काय? तूच!"

बहीण बांधावर उभी राहून किंचाळत होती, आणि किंचाळता किंचाळता माझ्या शर्टाची बाही ओढत होती. बाही आधीच उसवलेली. टर्रकन आवाज आला.

"बाही सोड," मी म्हणालो.

"माझी चौकट दे."

"अगं ए शास्त्रज्ञबाई, सकाळपासून बाबांच्या मागे पाण्याच्या घागरी ओढतोय मी. खांदा बघ, सोललाय. तुझं गवत उपटायला मला फुरसत कुठली?"

"मग परवा कोण म्हणालं होतं? 'एक दिवस उपटून फेकतो बघ' असं कोण म्हणालं होतं?"

ते मीच म्हणालो होतो. पण रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. मी जेवढं बोलतो तेवढं केलं असतं, तर आत्तापर्यंत शाळेची इमारत जाळून झाली असती.

"म्हणालो होतो. केलं नाही."

"उद्या परीक्षक येणारेत, दादा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बसला. "उद्या. त्यांना काय दाखवू मी? ढेकळं?"

मी खाली बघितलं. चार खुंट्या होत्या, सुतळी जशीच्या तशी ताणलेली होती आणि आत काहीच नव्हतं. काल तिथे गुडघ्याएवढं रान माजलं होतं. आज भुसभुशीत काळी माती, झाडून काढलेल्या अंगणासारखी.

आमच्या घरात सगळ्यांचं तणावरच चालतं. आई ते खुरपते, बाबा त्यावर औषध मारतात, बहीण ते मोजते आणि मी पाणी भरतो. आई बायकांच्या टोळीबरोबर लोकांच्या शेतात खुरपायला जाते. बाबा पाठीवर पंप घेऊन लोकांच्या शेतात फवारणी करतात. यंदा ज्याला त्याला फवारणीच हवी. पंचवीस बायका चार दिवस बसून जे करतात, ते बाबा आणि मी एका सकाळी करतो. त्यामुळे आमचं काम वाढलं आणि आईचं गेलं. आई त्या पंपाला 'माझी सवत' म्हणते. "आली का सवत घरी? ठेव तिला बाहेरच, आत वास मारते." बाबा हसतात, पण पंप खरंच बाहेर ठेवतात, आणि अंगाला साबण दोनदा लावतात.

बहीण नववीत आहे. विज्ञानाच्या बाईंनी तिला शाळांच्या स्पर्धेत घातलं. विषय पर्यावरणाचा. बाकीच्या पोरांनी पुठ्ठ्याचे कारखाने केले आणि त्यातून कापसाचा धूर काढला. आमच्या बाईसाहेबांनी मळेवाल्या काकांना विचारून दोन चौकटी आखल्या. एक आत शेतात, जिथे औषध पडतं. दुसरी बांधावर, जिथे पडत नाही. दर रविवारी त्या दोन चौकटींपाशी उकिडवं बसून ही मोजणार: कुठलं गवत किती, मुंग्या किती, कोळी किती. पावसाळा संपल्यापासून तिचं हेच चालू होतं. उन्हात बसून नाकाची साल निघाली होती. बांधावरच्या चौकटीवर औषधाचा एक थेंब उडू नये म्हणून मला पंपाचं पाणी लांबून, ओढ्याच्या बाजूने आणावं लागायचं. परवा मी 'उपटून फेकतो' म्हणालो ते त्यावरूनच.

परीक्षक जागेवर येऊन बघणार होते. त्यांना पटलं तर तिचं काम पुढे मोठ्या स्पर्धेला जाणार होतं. घरात ती दुसरं काही बोलतच नव्हती.

"बाईंना सांगते मी," ती म्हणाली. "सांगते, माझ्या भावाने वाट लावली." आणि डोळे पुसत घराकडे पळाली.

मी तिथेच राहिलो. कोणी केलं हे मला कळायला हवं होतं, म्हणजे त्याला जाऊन दोन ठेवून देता आल्या असत्या. आधी वाटलं, जनावर घुसलं. पण जनावर चरतं, मुळासकट काढत नाही. मग मी सुतळीच्या पलीकडे बघितलं.

उपटलेलं गवत बांधाच्या कडेला ओळीने मांडलेलं होतं. मुळं वर, पानं खाली. प्रत्येक मूठ दुसरीवर जराशी टेकलेली. पाऊस आला तरी मुळांना माती लागू नये, उन्हात वाळून जावीत, म्हणून असं मांडतात. सगळ्या बायका नाही मांडत. बऱ्याच जणी ढीग करून टाकतात.

असं मांडणारी एकच बाई मला माहीत आहे. लहान होतो तेव्हा तिच्या पाठीमागे मी असल्या ओळींवर उड्या मारत जायचो, आणि ती मागे न बघता म्हणायची, "मोडू नकोस रे, माझी रांग मोडू नकोस."

मी खाली बसलो. कोणाला दोन ठेवून द्यायच्या, हा प्रश्नच संपला.

आता कळलं तसं सगळंच कळलं. आज टोळी मळेवाल्यांकडेच येणार होती. सकाळी काकांनी बायकांना बांधावरूनच परत पाठवलं. "उद्यापरवा बघू, आज फवारणी घेतोय," म्हणाले. फवारणी म्हणजे आम्हीच. मी पंपात पाणी ओतत असताना बायका तोंड वळवून गेल्या. आई सगळ्यांच्या मागे होती. तिने मला हात केला होता. मी केला नव्हता, माझ्या हातात घागर होती.

त्यानंतर ती घरी गेलीच नसणार.

संध्याकाळी आई चुलीपाशी होती आणि स्वतःशीच हसत होती. डोक्याचा रुमालही सोडला नव्हता. खुरपं धुऊन, पुसून, खिडकीत ठेवलेलं. बहीण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. आईला वाटलं, ती अभ्यास करतेय.

"जाऊन आलीस का गं बांधावर?" आईने विचारलं. असं विचारलं, जसं कोणी पाठीमागे काही लपवून 'ओळख काय आहे' विचारतं.

बहिणीने तोंड फिरवलं. डोळे सुजलेले.

"कोणीतरी सगळं उपटलं, आई. दादा नाही म्हणतो. एक काडी ठेवली नाही. एवढे महिने मी ते जपलं, तेच तर दाखवायचं होतं. गवतच दाखवायचं होतं! कोणी आंधळ्याने केलंय का अडाण्याने, देव जाणे. अक्कल नाही तर हात तरी लावू नये माणसाने."

आईचा हात पातेल्यावर थांबला. वाफ थेट बोटांवर येत होती, तरी तिने तो काढला नाही.

"गवतच?" ती हळूच म्हणाली.

"मग काय! गवतासाठीच तर चौकट."

आईने आधी खिडकीतल्या खुरप्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि हात मांडीखाली घेतले. तेवढ्यात बाबा अंग पुसत आत आले. "काय झालं? कोणी उपटलं?"

आईने तोंड उघडलं. ती सांगून टाकणार, हे मला दिसलं. माझ्या आईला कोणी अडाणी म्हटलेलं मला चालत नाही. मला म्हणा. मला शाळेत फुकटात म्हणायचे.

"मी," मी म्हणालो.

"काय मी?"

"मी उपटलं. कटकट झाली होती रोजची. घातली फेकून."

बहीण उठून उभी राहिली. तिला वाटलं होतं, मी कबूल केलं की तिला बरं वाटेल. वाटलं नाही. ती माझ्याकडे असं बघत राहिली जसं मी कोणी ओळखीचा नाही. बाबांनी ओला टॉवेल माझ्या पाठीवर फटकावला. लागला नाही, पण आवाज मोठा आला.

"स्वतः शिकायचं नाही, दुसऱ्याला शिकू द्यायचं नाही! एवढी पोरगी उन्हात बसते, आणि तुला कटकट होते? उद्या बाईंच्या पाया पड, त्या परीक्षकाच्या पाया पड, काय वाटेल ते कर!"

"बरं."

"बरं काय बरं? वर तोंड करून बरं म्हणतोय!"

जेवायला बसलो. आईने माझ्या ताटात एकदा वाढलं. मी नको म्हणालो. तिने परत वाढलं. परत नको म्हणालो. तिसऱ्यांदा वाढताना तिने माझ्याकडे बघितलं आणि मी निमूट खाल्लं. पोट फुटेस्तोवर खाल्लं त्या दिवशी.

सकाळी बहीण शाळेत गेली ती 'येऊ नका' सांगायलाच. पण परीक्षक निघालेलेसुद्धा होते. मला बाबांनी कामावरून सुट्टी देऊन बांधावर उभं केलं. चोराला उभं करतात तसं. आईला मात्र त्या दिवशी कामाचं बोलावणं आलं, मळ्याच्या पलीकडच्या शेतात. सकाळी निघताना ती दारात घुटमळली. खुरपं घेतलं, ठेवलं, परत घेतलं.

"जा ना," मी म्हणालो. "टोळी थांबलीय."

"तू कशाला..." ती म्हणाली.

"जा आई. मला काही होत नाही."

परीक्षक आले तेव्हा ऊन चढलं होतं. उंच माणूस, चष्मा डोक्यावर सरकवलेला, आणि बराच वेळ तोच चष्मा खिशात शोधत होता. विज्ञानाच्या बाई त्याच्या मागून ढेकळांवरून चपला सांभाळत येत होत्या. बहीण पुढे, मान खाली.

"सर, आधीचे फोटो आहेत आमच्याकडे," बाई येतायेताच बोलायला लागल्या. "दर रविवारचे आहेत. आकडेही आहेत. फक्त काल जरा... हा हिचा भाऊ. शाळा सोडलेला आहे."

शाळा सोडलेला आहे. जसं काही त्यातच सगळं आलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. एरवी मी तिथेच काहीतरी बोललो असतो.

परीक्षकांनी मोकळ्या चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "का उपटलंस?"

यावर काय सांगायचं, हे मी ठरवलंच नव्हतं.

"असंच."

"असंच एवढं कोणी करतं का?"

"मी करतो."

"सर, तो तापट आहे," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातून कोणीतरी येताना दिसलं. उकिडव्या बायकांची ओळ पुढे सरकत होती आणि त्या ओळीतून एक बाई उठून सरळ आमच्याकडे चालत होती. टोळीतल्या मावशी मागून ओरडत होत्या, "अगं ए, रांग अर्धी टाकून कुठे निघालीस?" आईने मागे बघितलं नाही. शाळेत पालकांना बोलावलं की दाराच्या बाहेर चपलांपाशी उभी राहणारी माझी आई. हातात खुरपं, कोपरापर्यंत माती.

"त्याने नाही केलं," ती म्हणाली. दम लागला होता.

"आई, तू जा," मी म्हणालो.

"तू गप." मग परीक्षकांना, "याने नाही केलं, साहेब. याला कुठलं येतंय? याच्या हातात खुरपं दिलं तर हा स्वतःचा अंगठा कापून घेईल. बघा तरी नीट. एक मूळ तुटलेलं दिसतंय का? कुठे कडेची कोर सुटलीय का? माती कशी सोडलीय बघा. हे माझं काम आहे."

शेवटचं वाक्य ती जवळजवळ रागाने म्हणाली. जणू चोरी माझ्यावर आली याचं नाही, काम माझ्या नावावर गेलं याचं तिला जास्त लागलं होतं. मग तिला एकदम भान आलं, आणि खुरपं तिने पाठीमागे लपवलं.

बहीण आईकडे बघत होती. काल ती काय काय म्हणाली होती, ते तिला आठवत असणार. तिचा चेहरा पांढरा पडला.

"का काढलंत, बाई?" परीक्षकांनी विचारलं. साध्या आवाजात विचारलं. मला तो माणूस तिथे जरा आवडला.

"सुतळी बांधलेली बघितली," आई म्हणाली. "खुंट्या ठोकून सुतळी बांधतात ती वाफ्याला. मला वाटलं, पोरीने काहीतरी बी टाकलंय आणि गवत माजलं म्हणून ते उगवत नाहीये. उद्या पाहुणे बघायला येणार, आणि वाफा हा असा. लाज जाईल पोरीची." ती थांबली. "आणि काल काम नव्हतं. हात रिकामे होते."

"एवढे महिने घरात चाललंय, आणि तुम्ही विचारलं नाहीत?" बाई म्हणाल्या.

"तिने सांगितलं होतं की. परि... परिसंस्था. मला वाटलं, असेल एखादं पीक."

परीक्षक हसले. मग मीही हसलो. हसू नये अशी जागा होती, पण हसलो. बहीण मात्र हसली नाही. ती आईने मांडलेल्या गवताच्या ओळीपाशी खाली बसली होती. आईला काहीतरी बोलायचं म्हणून बसली असावी, पण बोलता येईना म्हणून नुसती एक जुडी उचलून हातात फिरवत होती. फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

"आई, हे असं कसं?"

लव्हाळा होता. ते बारीक, उभ्या पात्यांचं गवत. एक पातं तिने वर उचललं, तर त्याच्यामागून दुसरं आलं, दुसऱ्यामागून तिसरं. खालून काळा दोरा आणि दोऱ्याला मण्यांसारख्या गाठी. ती उचलत गेली आणि ती माळ येतच गेली.

"लव्हाळा असाच असतो," आई म्हणाली. तिला वाटलं, आणखी काही चुकलं. "ओढला की वरून तुटतो आणि गाठ खाली राहते. म्हणून बाजूने खणत जायचं, म्हणजे आख्खा येतो."

"मी ही वेगवेगळी मोजली," बहीण म्हणाली. आमच्याशी नाही, त्या माळेशीच. "प्रत्येक रविवारी. हे एक झाड, हे एक झाड, हे एक. ही सगळी एकच आहेत. खालून एकच आहेत." मग तिने वर बघितलं. "सर, माझे आकडे चुकलेत."

"अगं, असं काय बोलतेस?" बाई घाईने म्हणाल्या. "सर, ती घाबरलीय."

"घाबरले नाही, बाई. चुकलेच आहेत. वरचं बघत बसले मी. खाली काय आहे ते कधी बघितलंच नाही. उपटायचं नव्हतं ना."

परीक्षक तिच्या शेजारी मातीत बसले. पँटची पर्वा न करता. दोघं मिळून तो दोरा सोडवायला लागले. शेवटी त्यांना चष्मा लागला. मीच सांगितलं, डोक्यावर आहे म्हणून.

"मग आता काय करशील?" त्यांनी विचारलं.

बहिणीने मोकळ्या चौकटीकडे बघितलं. "आता काय येतं ते बघेन. कोण आधी येतं, कोण मागून. आणि दर वेळी थोडं खणून खालचंही बघेन." थोडं थांबून म्हणाली, "आणि आईलापण लिहीन यात. गाईगुरं लिहिली, मुंग्या लिहिल्या, फवारणी लिहिली. खुरपणारी लिहिलीच नाही."

"माझं नाव नको गं कुठे," आई घाबरून म्हणाली.

"नाव नाही. काम."

परीक्षकांनी पुढे पाठवतो म्हटलं नाही आणि नाही पाठवतही म्हटलं नाही. म्हणाले, पुन्हा येईन आणि हीच चौकट बघेन. मग ठरवेन. "पण तोपर्यंत या चौकटीला कोणी हात लावायचा नाही," असं आम्हा सगळ्यांना म्हणाले, पण बघत आईकडे होते. आईने मान हलवली, लहान मुलगी हलवते तशी.

जाताना बाई माझ्यापाशी थांबल्या. काहीतरी म्हणणार होत्या. मी ढेकूळ लाथाडत राहिलो. त्या गेल्या.

बहीण म्हणाली, "कशाला घेतलंस अंगावर?"

"बाही शिवून दे आधी."

"दादा."

"बाही."

रात्री तिने बाही शिवली. वाकडी शिवली. आईला काय म्हणाली ते माहीत नाही, मी बाहेर होतो. आत गेलो तेव्हा आईचे हात बहिणीच्या मांडीवर होते आणि ती सुईने आईच्या बोटातले काटे काढत होती. बाबा म्हणाले, "ते कालचं टॉवेलाचं..." मी म्हणालो, "लागलं नाही." ते म्हणाले, "हं." तेवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून ओढ्याच्या बाजूने पाणी आणायला तेच जायला लागले. मला सांगायची वेळ आली नाही.

मला आता चौकटीच्या राखणीला बसवलंय. फवारणी नसेल तेव्हा मी इथेच बांधावर असतो. बसून बसून करणार काय, म्हणून हे लिहितोय. लव्हाळा सगळ्यांच्या आधी वर आला. आई म्हणाली होतीच. तिने एवढं खोल खणून काढला, तरी कुठेतरी एक गाठ राहिली होती. हे तिला फार लागलंय. बहीण नाचली आणि आई दोन दिवस गप्प होती. त्याच्या मागून एक लालसर देठाचं काहीतरी आलंय, त्यावर कालपासून एक कोळी राहायला आलाय. बहिणीला मी अजून सांगितलं नाही. रविवारी तिचं तिला दिसू दे.

शेळ्या येत नाहीत. पोरंही येत नाहीत. भीती एकाच गोष्टीची आहे. आई कामावरून येताना रोज इथे थांबते. हात पाठीमागे बांधून सुतळीच्या बाहेर उभी राहते आणि त्या गवताकडे बघते. तिचं काय होत असेल ते मला कळतं. मला तोंड बंद ठेवायला सांगितलं तर माझं तसंच होतं. "किती माजू देणार रे अजून?" विचारते. मी म्हणतो, "परीक्षक येईपर्यंत." ती म्हणते, "बरं," आणि जाते.

आज लवकर आली. मी वही घेऊन ओढ्यावर पाणी प्यायला आलोय, तिने मला बघितलेलं नाही. सुतळीपाशी उभी आहे. हात पाठीमागे आहेत. नाही, एकच आहे. खाली बसली. अगं आई, नको! खुरपं काढलं तिने. मला जायला हवं.